पालक-शिक्षक संघ

एखाद्या शाळेत शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे पालक व त्या शाळेतील शिक्षक यांची, मुलांच्या शिक्षणाचे व संगोपनाचे कार्य परस्परांच्या सहकार्याने चालावे, यासाठी स्थापन झालेली संघटना. तिचे सभासदत्व शाळेपुरते मर्यादित असते. विद्यार्थ्याने शाळा सोडली, की पालकाचे आणि शिक्षकाची बदली अथवा निवृत्ती झाली, की शिक्षकाचे सभासदत्व संपुष्टात येते. त्यामुळे तिचे घटक दरवर्षी बदलत असतात आणि तिचे सातत्य व्यक्तींपेक्षा नियमांवर व लेखी नोंदींवर अधिक अवलंबून राहते.

पालक-शिक्षक संघ आणि शाळेशी संबंधित अशा इतर संस्था यांत फरक करणे आवश्यक आहे. वर्गशिक्षकाने परीक्षेनंतर बोलाविलेली पालकसभा ही केवळ एका वर्गाची बैठक असते. तिला घटना वा पदाधिकारी नसतात. शाळा चालविणारी शिक्षणसंस्था ही सोसायटी नोंदणी अधिनियम (१८६०) वा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम (१९५०) यांखाली नोंदलेली स्वतंत्र संस्था असून शाळेची मालमत्ता व जबाबदारी तिच्याकडे असते. महाराष्ट्रातील खाजगी शाळांमधील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे नेमली जाणारी शाळा समिती ही संस्थाचालकांचे प्रतिनिधी, एक शिक्षक व मुख्याध्यापक यांची असते. तीत पालकांना स्थान नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये स्थापन होणारी शाळा व्यवस्थापन समिती ही आणखी निराळी. या सर्वांमध्ये ज्या संस्थेत शाळेतील प्रत्येक पालक व प्रत्येक शिक्षक हा सभासद असतो, ती संस्था म्हणजे पालक-शिक्षक संघ होय.

उद्देश : मूल शाळेत दिवसाचे पाचसहा तास असते, उरलेला वेळ ते घरी व शेजारी घालविते. शिक्षकास मुलाची वर्गातील प्रगती दिसते, पण त्याच्या घरची परिस्थिती दिसत नाही. पालकास घरातील वर्तन दिसते, पण वर्गातील अडचण कळत नाही. ही दोन्ही प्रकारची माहिती एकत्र यावी, हा संघाचा मूळ उद्देश आहे. याशिवाय शाळेच्या सोयी वाढविणे, सहली, स्नेहसंमेलने व क्रीडास्पर्धा यांना साहाय्य करणे, आरोग्यतपासणी घडविणे, अभ्यासक्रम, परीक्षापद्धती यांतील बदल पालकांना समजावून देणे इ. कार्ये संघ करतो. अलीकडच्या काळात शुल्कनिश्चिती व विद्यार्थ्यांची सुरक्षितता या दोन बाबींची भर पडली असून त्यामुळे संघाला केवळ सहकार्याचे नव्हे, तर निर्णयाचे स्वरूप प्राप्त झाले आहे.

ऐतिहासिक विकास : पालक व शिक्षक यांच्या संघटित सहकार्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ धरू लागली. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन या शिक्षणतज्ञ स्त्रीने ब्रॅडफर्ड येथे पालकांची शैक्षणिक संघटना उभारली. अमेरिकेत ॲलिस मॅक्‌लेलन बर्नी व फीबी हर्स्ट यांच्या पुढाकाराने १७ फेब्रुवारी १८९७ रोजी वॉशिंग्टन येथे मातांची राष्ट्रीय परिषद भरली. तिच्यातूनच पुढे पालक-शिक्षकांची राष्ट्रीय संघटना विकसित झाली. वर्णभेदामुळे दक्षिणेकडील कृष्णवर्णीय पालकांना वेगळी वाट धरावी लागली. सेलिना स्लोन बटलर यांच्या नेतृत्वाखाली १९२६ मध्ये त्यांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व १९७० मध्ये दोन्ही संघटना एकत्र आल्या. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी प्रशासनाच्या प्रेरणेने अशा संघांचा देशभर प्रसार झाला.

इंग्लंडमध्ये मात्र शाळेच्या कारभारात पालकांनी लक्ष घालणे दीर्घकाळ अनिष्ट मानले जाई. प्राथमिक शिक्षणाविषयीच्या प्लाउडेन समितीच्या अहवालाने (१९६७) या वृत्तीवर टीका केली आणि पालकांचे शाळेत स्वागत, शिक्षकांच्या भेटी, शाळा पाहण्याचे खुले दिवस, माहितीपत्रके व लेखी प्रगतिपत्रके असा किमान कार्यक्रम सुचविला. विशेष म्हणजे, पालक-शिक्षक संघ हाच सहकार्याचा सर्वोत्तम मार्ग होय, असे या समितीने मानले नाही. औपचारिक संघापेक्षा मुख्याध्यापकाची वृत्ती महत्त्वाची, असा तिचा रोख होता. पुढे १९८० च्या शिक्षण अधिनियमाने शाळांच्या नियामक मंडळांवर निवडून आलेले पालक घेणे आवश्यक ठरले.

भारतात आधुनिक शिक्षणाच्या प्रारंभी कायद्याने पालकाची दखल घेतली, ती कर्तव्य चुकविणारी व्यक्ती म्हणून. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात व १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात नामंजूर झाले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये सक्तीचा कायदा केला, तर मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. या सर्व कायद्यांत पालकाकडे दायित्व होते. शाळेच्या कारभारात त्याला मत नव्हते.

पालकाचे दुसरे रूप दात्याचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या ⇨ रयत शिक्षण संस्थेची शाळा-वसतिगृहे गावोगावच्या रयतेने दिलेल्या धान्यावर, जमिनीवर व श्रमावर उभी राहिली. पालकाचे तिसरे रूप शिक्षणातील सहकाऱ्याचे. ते महाराष्ट्रात प्रथम बालशिक्षणाच्या चळवळीत दिसून येते. गिजुभाई बधेका व ⇨ ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. ताराबाईंनी चालविलेल्या शिक्षणपत्रिका या मासिकाने मुलाला मारू नये, धाक दाखवू नये, त्याच्या स्वयंस्फूर्त कृतीला वाव द्यावा, असे विचार शिक्षकांबरोबरच पालकांपर्यंत पोहोचविले.

स्वातंत्र्योत्तर काळात ⇨ कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळा व परिसरातील समाज यांच्या निकट संबंधांचा आणि शेजारशाळेचा पुरस्कार केला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (१९८६) शिक्षणाच्या व्यवस्थापनात लोकसहभागावर भर दिला. शहरांतील अनेक शाळांत या काळात पालक-शिक्षक संघ कार्य करू लागले. परंतु त्यांची घटना, पदाधिकारी व अधिकार हे बव्हंशी मुख्याध्यापक व संस्थाचालक यांच्या इच्छेवर अवलंबून असत.

विधिविषयक तरतुदी : महाराष्ट्रात संघाला वैधानिक पाया लाभला, तो मुख्यतः शाळांच्या शुल्कवाढीच्या प्रश्नातून. देणगीशुल्काला (कॅपिटेशन फी) बंदी करणारा कायदा राज्यात १९८७ मध्येच झाला होता. मात्र विनाअनुदानित शाळांचे नित्याचे शुल्क कोणी व कसे ठरवावे, हा प्रश्न अनिर्णित राहिला. केवळ शासननिर्णयाद्वारे या शुल्कावर नियंत्रण आणण्याचा २०१० मधील प्रयत्न उच्च न्यायालयात टिकला नाही. त्यानंतर विधिमंडळाने महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ संमत केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो १ डिसेंबर २०१४ पासून अंमलात आला व त्याखालील नियम २०१६ मध्ये करण्यात आले. शुल्क शासनाने थेट ठरवावयाचे नाही व संस्थाचालकांनी एकतर्फी ठरवावयाचे नाही. प्रस्ताव व्यवस्थापनाने मांडावा आणि त्यास पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्यता द्यावी, हे या अधिनियमाचे मूलतत्त्व आहे.

रचना : या अधिनियमान्वये प्रत्येक खाजगी शाळेच्या प्रमुखाने शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघ स्थापन करणे बंधनकारक आहे. शाळेतील प्रत्येक शिक्षक व प्रत्येक विद्यार्थ्याचा पालक हा त्याचा सभासद असतो. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. सभासदाची वार्षिक वर्गणी शहरी भागात ५० रु. व ग्रामीण भागात २० रु. अशी ठेवण्यात आली आहे. शिक्षणहक्क अधिनियमानुसार विनाअनुदानित शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांचे पालकही शुल्क भरत नसले, तरी इतरांच्या बरोबरीने सभासद ठरतात.

संघाचा दैनंदिन कारभार कार्यकारी समितीकडे असतो. तिची रचना पुढीलप्रमाणे असते : शाळेचा प्रमुख हा अध्यक्ष, पालकांपैकी एक उपाध्यक्ष, शिक्षकांपैकी एक सचिव, पालकांपैकी दोन सहसचिव आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक असे सदस्य. समितीत स्त्रियांचे प्रमाण किमान निम्मे असावे व मागासवर्गीय घटकांना आळीपाळीने प्रतिनिधित्व मिळावे, अशी तरतूद आहे. समिती बनल्यावर तिच्या सदस्यांची यादी पंधरा दिवसांत सूचनाफलकावर लावून तिची प्रत शिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवावी लागते.

या रचनेतील मतांचा तोल लक्षात घेण्याजोगा आहे. पहिली ते दहावीपर्यंतच्या शाळेचे उदाहरण घेतल्यास दहा इयत्तांचे दहा पालक व दहा शिक्षक होतात. त्यांत उपाध्यक्ष व दोन सहसचिव मिळविल्यास पालक १३ होतात. मुख्याध्यापक व सचिव मिळविल्यास शाळेच्या बाजूचे सदस्य १२ होतात. इयत्तांची संख्या कितीही असली, तरी पालकांचे आधिक्य एकाच मताचे राहते. म्हणजेच एक पालक बैठकीस गैरहजर राहिल्यास मते समसमान होतात व दोघे गैरहजर राहिल्यास बहुमत शाळेकडे जाते. कायद्याने पालकांना दिलेले बहुमत प्रत्यक्षात त्यांच्या उपस्थितीवर अवलंबून आहे.

सोडत पद्धती : कार्यकारी समितीतील पालक निवडणुकीने वा नियुक्तीने न घेता, इच्छुक पालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून सोडतीने घेतले जातात. सोडतीची पूर्वसूचना एक आठवडा आधी द्यावी लागते. समितीची मुदत एक शैक्षणिक वर्ष असून एकदा सदस्य झालेल्या पालकास मुदत संपल्यानंतरची पाच वर्षे पुन्हा सोडतीत भाग घेता येत नाही.

मुख्याध्यापकाने मर्जीतील पालकांची नावे सुचवावयाची, ही पूर्वीची रूढी सोडतीमुळे मोडते. निवडणुकीने येणारी गटबाजी, प्रचार व स्थानिक राजकारणाचा शिरकाव यांनाही आळा बसतो. ज्या पालकाला सभेत बोलण्याचा सराव नाही, त्यालाही इतरांइतकीच संधी मिळते. या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. सोडतीने आलेला सदस्य कोणाचा निवडून दिलेला प्रतिनिधी नसल्याने त्याने इतर पालकांचे मत विचारावे, असे बंधन त्याच्यावर नसते. हिशेब वाचण्याचा अनुभव असलेला पालक पाच वर्षांसाठी बाद होतो, उलट शाळेच्या बाजूचे मुख्याध्यापक व अनेक शिक्षक वर्षानुवर्षे तेच राहतात. इच्छुकांची नावे किती आली, यावर सोडतीचा निःपक्षपातीपणा अवलंबून असतो. जागांइतकीच नावे आल्यास सोडत ही केवळ औपचारिकता ठरते. म्हणून सोडतीची सूचना प्रत्येक पालकापर्यंत पोहोचणे, हीच या पद्धतीची खरी कसोटी आहे. राजस्थानच्या २०१६ च्या शुल्क विनियमन कायद्यातही पालक-शिक्षक संघ व त्यातून बनणारी शुल्क समिती यांची अशीच योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी दिलेल्या निकालात तो कायदा वैध ठरविला.

शुल्कनिश्चितीची कार्यपद्धती : व्यवस्थापनाने नियोजित शुल्काचा तपशील व त्यासंबंधीची कागदपत्रे पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी कार्यकारी समितीपुढे ठेवावयाची असतात. शाळेचे स्थान, इमारत व इतर सोयी, प्रशासन व देखभालीचा खर्च, शिक्षकांची पात्रता व वेतन इ. गोष्टी विचारात घेऊन समितीने तीस दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. मान्य झालेले शुल्क मराठीत, इंग्रजीत व शाळेच्या माध्यमाच्या भाषेत सूचनाफलकावर लावावे लागते. ते दोन शैक्षणिक वर्षांसाठी बंधनकारक असते. समिती मुदतीत निर्णय देऊ शकली नाही किंवा उभय पक्षांतील वाद मिटला नाही, तर प्रकरण निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाते. तिच्या निर्णयावर निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील पुनरीक्षण समितीकडे दाद मागता येते.

या वेळापत्रकाचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. जूनच्या मध्यास सुरू होणाऱ्या शाळेत समिती जुलैच्या मध्यापर्यंत बनते आणि पुढील वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव डिसेंबरच्या मध्यापर्यंत तिच्यापुढे येतो. नवख्या सदस्यांना शाळेचा जमाखर्च समजून घेण्यास सुमारे पाच महिने मिळतात आणि ज्या दोन वर्षांचे शुल्क ते मान्य करतात, त्या काळात ते पदावर नसतात. त्यांच्या निर्णयाची कारणे लेखी नसतील, तर पुढील समितीला तो निर्णय समजून घेण्याचे साधनच राहत नाही.

मूळ अधिनियमात समितीचा निर्णय अमान्य असलेल्या सामान्य पालकास नियामक समितीकडे जाण्याची वाट नव्हती. पुढे केलेल्या दुरुस्तीने शाळेतील किमान २५ टक्के पालकांनी एकत्र येऊन दाद मागावी, अशी सोय झाली. एक हजार पालकांच्या शाळेत याचा अर्थ अडीचशे पालकांच्या सह्या. इतक्या पालकांना परस्परांची ओळख व संपर्क असणे, हे संघाच्या सर्वसाधारण सभा नियमित भरण्यावर अवलंबून आहे.

करोना महासाथीच्या काळात या व्यवस्थेची परीक्षा झाली. शाळा बंद असताना राज्य शासनाने ८ मे २०२० च्या निर्णयाने २०२०–२१ या वर्षी शुल्कवाढ करू नये असे सांगितले व न वापरलेल्या सोयींपोटीचे शुल्क कमी करण्याचा ठराव कार्यकारी समित्यांनी करावा, असे सुचविले. उच्च न्यायालयाने या निर्णयास अंतरिम स्थगिती दिली. पुढे राजस्थानविषयक निकालातील धोरणास अनुसरून १२ ऑगस्ट २०२१ रोजी शुल्कात १५ टक्के कपातीचा शासननिर्णय निघाला. ज्या शाळांत समिती प्रत्यक्ष कार्यरत होती, तेथे अशा वाटाघाटींना अधिकृत जागा उपलब्ध होती. जेथे ती कागदोपत्रीच होती, तेथे पालकांना शाळेच्या फाटकाबाहेरून बोलावे लागले.

सभेचे कामकाज : कार्यकारी समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी, असा नियम आहे. बैठकीची सूचना विषयपत्रिकेसह आगाऊ देणे, उपस्थितांच्या सह्या घेणे, मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे, ठरावास सूचक व अनुमोदक यांची नावे नोंदविणे आणि विरोधी मतही लिहून ठेवणे, हे सभाशास्त्राचे सर्वसामान्य नियम येथेही लागू पडतात. अध्यक्ष व सचिव ही दोन्ही पदे शाळेकडे असल्याने विषयपत्रिका ठरविणे व इतिवृत्त लिहिणे ही दोन्ही कामे शाळेच्या हाती असतात. पालक सहसचिवांची तरतूद यासाठी महत्त्वाची आहे. त्यांनी इतिवृत्ताचा मसुदा पाहून त्यावर सही करण्याचा प्रघात असल्यास पुढे वाद उद्भवत नाहीत. कोऱ्या वा अपुऱ्या इतिवृत्तावर आगाऊ सह्या घेणे हा गंभीर दोष समजावा, कारण शुल्कवाढीच्या वादात समितीचा ठराव हाच मुख्य पुरावा ठरतो.

एखाद्या विशिष्ट विद्यार्थ्याची वा शिक्षकाची तक्रार सर्वसाधारण सभेत चर्चेला घेऊ नये, असा संकेत आहे. अशा तक्रारी लेखी स्वरूपात मुख्याध्यापकाकडे द्याव्यात व त्यांतून सर्वांना लागू पडणारा प्रश्न निघत असेल, तरच तो समितीपुढे यावा. शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या, वर्गवाटणी आणि परीक्षेचे गुण या बाबी संघाच्या कक्षेबाहेरच्या होत.

निधी व हिशेब : वर्गणी हे संघाचे मुख्य उत्पन्न होय. शहरी भागातील एक हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत प्रत्येक विद्यार्थ्यामागे एका पालकाची वर्गणी धरल्यास वर्षाला ५०,००० रु. जमतात. ही रक्कम शाळेच्या शुल्काचा भाग नसल्याने तिचे पावतीपुस्तक, रोकडवही व बँक खाते स्वतंत्र असणे, खात्यावरील व्यवहार एक शिक्षक व एक पालक अशा दोघांच्या सहीने होणे आणि वार्षिक जमाखर्च तपासून सर्वसाधारण सभेपुढे येणे इष्ट असते. संघाच्या नावाने ऐच्छिक म्हणून गोळा केलेली देणगी प्रवेशाशी वा निकालाशी जोडली गेल्यास ती देणगीशुल्क ठरू शकते. पाठ्यपुस्तके, वह्या व गणवेश ठराविक दुकानातूनच घेण्याच्या सक्तीबाबतही पालकांच्या तक्रारी वारंवार समितीपुढे येतात.

शाळा व्यवस्थापन समिती : शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांमध्ये पालकांच्या सहभागाचे मुख्य साधन म्हणजे शिक्षणहक्क अधिनियमाच्या २१ व्या कलमान्वये स्थापन होणारी ही समिती. तिच्यातील किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक व निम्मे सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. महाराष्ट्रात २०१० च्या शासननिर्णयाने तिची रचना ठरली. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, तर मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतो. शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणे व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कामे होत. अल्पसंख्याकांच्या अनुदानित शाळांत ती २०१२ च्या दुरुस्तीनुसार केवळ सल्लागार स्वरूपाची असते. कालांतराने एकाच शाळेत अनेक समित्या निर्माण झाल्याने राज्य शासनाने २०२५ मध्ये त्यांचे एकत्रीकरण करण्याचा निर्णय घेतला.

व्यवस्थापन समिती व शुल्क अधिनियमातील कार्यकारी समिती यांच्यातील भेद उद्‌बोधक आहे. पहिलीत पालक अध्यक्ष असून बहुमत निर्विवाद आहे. परंतु शाळेचा पैसा मुख्यत्वे शासनाचा असतो. दुसरीत पैसा पालकांचा असतो; परंतु अध्यक्षपद शाळेकडे असून पालकांचे बहुमत एका मताचे आहे.

कळंबोलीचे उदाहरण : या दोन्ही व्यवस्था शेजारीशेजारी कशा नांदतात, हे नवी मुंबई परिसरातील कळंबोलीसारख्या नव्या वसाहतीत पाहावयास मिळते. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील हे मूळचे गाव. सिडकोच्या (स्था. १९७०) नियोजनात येथे विभागवार निवासी वसाहत वसविण्यात आली, मुंबईतून हलविलेल्या लोखंड-पोलाद बाजारासही येथेच जागा देण्यात आली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत कळंबोलीचा समावेश झाला. जुन्या गावठाणातील प्राथमिक शिक्षणाची परंपरा, शिक्षणसंस्थांच्या मराठी माध्यमाच्या शाळा आणि विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळा असे शाळांचे विविध प्रकार अशा वसाहतीत थोड्या अंतरावर आढळतात. त्यामुळे एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाचा पालक व्यवस्थापन समितीत निवडून येतो, तर दुसऱ्याचे नाव कार्यकारी समितीच्या सोडतीत निघते. खाजगी शाळांच्या कार्यकारी समित्यांच्या याद्या अलिबाग येथील जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे जातात, तर शुल्काचा वाद मुंबई विभागाच्या नियामक समितीकडे जातो.

अशा वसाहतींत पालक निरनिराळ्या जिल्ह्यांतून व राज्यांतून आलेले असल्याने गावातील शाळेप्रमाणे त्यांची परस्परांशी पूर्वीची ओळख नसते. मालमोटारचालक, लोखंडबाजारातील माथाडी कामगार, पाळीने काम करणारे पोलीस व कारखान्यांतील कामगार यांना कामाच्या दिवशी सकाळी भरणारी सभा गाठणे कठीण जाते. एका गैरहजेरीने तोल ढळणाऱ्या समितीत बैठकीची वेळ हा किरकोळ प्रश्न राहत नाही. बैठक रविवारी वा सायंकाळी घेणे, सूचना मराठीबरोबरच पालकांना समजेल अशा दुसऱ्या भाषेतही देणे आणि मातांना सोयीची वेळ पाहणे हे उपाय साधे असले, तरी परिणामकारक ठरतात.

या भागात विद्यार्थ्यांच्या वाहतुकीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग कळंबोलीपासून सुरू होतो; शीव–पनवेल महामार्ग, मुंब्र्याकडील रस्ता व जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा मार्ग येथे एकत्र येत असल्याने अवजड वाहनांची वर्दळ सतत असते. महाराष्ट्र मोटार वाहन (शालेय बस विनियमन) नियम, २०११ नुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकाच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते व तीत पालक-शिक्षक संघाच्या प्रतिनिधीबरोबरच पोलीस व मोटार वाहन विभागाचे अधिकारीही असतात. बसचे थांबे व वाहतूक शुल्क ठरविणे, वाहनाची नोंदणी, विमा, परवाना व चालकाचा परवाना तपासणे, अग्निशामक व प्रथमोपचार पेटी यांची खात्री करणे ही तिची कामे होत. मूल रस्त्याच्या कोणत्या बाजूस उतरते, ही बाब संघाच्या प्रतिनिधीने समितीपुढे मांडावयाची असते, कारण त्या थांब्यावर रोज उभा राहणारा पालकच ती जाणतो.

मूल्यमापन : पालक-शिक्षक संघावर दोन्ही बाजूंनी टीका होते. शिक्षणाच्या तांत्रिक बाबींत अनभिज्ञ पालकांची ढवळाढवळ होते व शिक्षकाचे स्वातंत्र्य संकोचते, अशी शिक्षकांची तक्रार असते. संघ हे व्यवस्थापनाच्या निर्णयावर शिक्का उठविण्याचे साधन झाले आहे, असे पालक म्हणतात. आपल्या मुलाला त्रास होईल या भीतीने अनेक पालक सभेत गप्प राहतात. ही भीती साधार असो वा निराधार, ती असेपर्यंत संघाचे कामकाज मोकळेपणाने चालत नाही. दुसरीकडे, सुशिक्षित व सधन पालकच सभेत बोलतात आणि इतरांचे प्रश्न मागे पडतात, हा अनुभव जगभर आढळतो.

पालकाच्या स्थानाचा महाराष्ट्रातील प्रवास दंडास पात्र व्यक्ती, दाता, सहकारी व अखेरीस निर्णयातील भागीदार असा झाला आहे. शेवटचा टप्पा कायद्याने गाठला गेला असला, तरी त्याचे फलित कायद्याच्या शब्दांपेक्षा साध्या गोष्टींवर अवलंबून आहे : सोडतीची सूचना वेळेवर मिळणे, हिशेबाचे कागद बैठकीपूर्वी हाती येणे, इतिवृत्त खरे असणे आणि एका वर्षाच्या समितीने आपल्या निर्णयांची कारणे पुढील वर्षाच्या समितीसाठी लिहून ठेवणे. ज्या शाळांत ही शिस्त पाळली जाते, तेथे पालकांच्या प्रश्नांमुळे शिक्षकांचे कामही सुलभ होते, कारण शाळेचा खर्च व अडचणी यांची माहिती असलेला पालकच शाळेची बाजू इतर पालकांना समजावून सांगू शकतो.